आईची गादी आणि तीन फुटी फिश टँक

गेले तीन वीकेंड माझे कपडे वेल्डिंगच्या धुराचे आणि हात शेवाळाचे वास मारतायत. सोमवारी हाफिसात एकाने विचारलं, "काय रे, नवीन घर घेतलंस का?" म्हटलं नाही, फिश टँक बांधला. म्हणजे आणला नाही, बांधला. भिंतीला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं सांगायचा उत्साहच गेला. म्हणून ते इथे सांगतो.

आम्ही क्रांती चौकाजवळ राहतो, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीतून मान जरा वाकडी केली की महाराजांचा पुतळा दिसतो. २०२२ साली उंच चौथऱ्यावर बसवला तो. खाली जालना रोडचा फ्लायओव्हर, त्यावर चोवीस तास गाड्या. एखादा भरलेला ट्रक गेला की आमच्या फिश टँकच्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठतात. लेकीला ती बघायला आवडतात. 'मासे थरथरले' म्हणते.

टँक लेकीच्याच हट्टाने आला. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच, आठ एमएमची काच. त्यात दोन एंजल, पाच-सहा मॉली आणि तळाला काचेला चिकटून बसणारा तो एक कुरूप सकरमाउथ, ज्याला लेक 'आजोबा' म्हणते. दुकानदाराने टँकबरोबर लोखंडी स्टँड दिला, अडीच फूट उंचीचा, टँकइतकाच म्हणजे एक फूट रुंद. हॉलच्या भिंतीला लावून ठेवला. शेजारी दिवाण. दिवाणावर आई झोपते.

१० जुलै २०२४, बुधवार. सकाळी सव्वासातला मी दात घासत होतो आणि हॉलमधून आईची हाक आली.

"पाणी हालतंय बघ."

"ट्रक गेला असेल गं."

"ट्रकनं असं हालत नाही."

बाहेर येईपर्यंत पाणी शांत होतं. पाच मिनिटांत नांदेडहून ताईचा फोन. "आईला दे," एवढंच म्हणाली. नंतर बातम्यांत कळलं, हिंगोली जिल्ह्यात भूकंप, ४.५ तीव्रतेचा. त्याच वर्षी २१ मार्चलाही पहाटे सहाच्या सुमारास तिथे तेवढाच होऊन गेला होता. हिंगोली आमच्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर. मला काही जाणवलं नव्हतं. पाणी खरंच हाललं की ट्रकच होता, हे आजही मी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या रात्री आईने दिवाणावरची गादी उचलली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, जमिनीवर घातली. मी म्हटलं, "आई, गुडघे दुखतील." ती म्हणाली, "दुखू दे."

इथे ताईबद्दल सांगायला हवं. ताई माझी सख्खी बहीण नाही, मावशीची मुलगी. आईचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला मी आठ वर्षांचा होतो. गणपती विसर्जन करून उशिरा झोपलो होतो. चारला दोन-चार मिनिटं कमी असताना स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं वाजायला लागली. बाबांना वाटलं मांजर. सकाळी रेडिओ लागला आणि आई जी खाली बसली ती बाबा आणि मामा गावाकडे जायला निघेपर्यंत उठली नाही.

तिकडची घरं कशी होती ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडायची, म्हणजे वजन वाढतच जायचं. ६.२ तीव्रता ही जगाच्या हिशेबात काही फार मोठी नव्हे, पण केंद्र उथळ, वेळ पहाटेची आणि डोक्यावर ते माळवद. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मावशी गेली, काका गेले, धाकटे दोघे गेले. ताई वाचली, कारण तिच्या बाजूचा लाकडी खांब आणि तुळई पडली नाही आणि खाली एका माणसापुरती जागा उरली. बाबा तिला घेऊन परतले तेव्हा तिच्या केसांत माती होती. आईने ती तीन वेळा धुतली तरी निघेना, हे मला आठवतं. बाकी मला फार सांगितलं गेलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. झोन १. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला, झोन १ हा प्रकारच काढून टाकला आणि लातूरकडचा भाग झोन ३ मध्ये गेला. आपलं शहर त्या नकाशात झोन २ मध्ये, म्हणजे तळाच्या पायरीवर. मी आईला हेच सांगितलं होतं. "आई, आपण झोन दोनमध्ये आहोत. काळजी नको." ती म्हणाली, "आमचा कितवा होता तेव्हा?"

यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर कळवा. माझ्याकडे नव्हतं.

तरीही कामाला हात लागायला बराच वेळ गेला, हे कबूल करतो. रिलीज, लेकीची शाळा, बायकोची बदली होणार-नाही-होणार, वगैरे. आई जमिनीवर झोपत राहिली आणि मला ते दिसेनासं झालं. आता परवा एका रात्री पाणी प्यायला उठलो तर अंधारात तिच्या पायाला अडखळलो. फिश टँकचा निळा दिवा सगळ्या हॉलभर पसरलेला आणि ती दाराकडे तोंड करून, चप्पल उशाशी ठेवून झोपलेली. चप्पल उशाशी. बत्तीस वर्षं झाली!

त्या शनिवारी लॅपटॉप उघडला. हाफिसात आम्ही डिझास्टर रिकव्हरीचे कागद रंगवतो, मुंबईतलं डेटा सेंटर बुडालं तर काय, याची ड्रिल करतो. आणि घरी दीडशे किलोची वस्तू एका फुटाच्या पायावर उभी! (पाणी सुमारे एकशे दहा लिटर, बाकी काच, वाळू, दगड.) हिशेब अगदी शाळेतला आहे. उभी वस्तू बाजूने ढकलली तर कधी पडते? तिच्या पायाच्या रुंदीचं अर्धं भागिले गुरुत्वमध्याची उंची. रुंदीचं अर्धं पंधरा सेंटिमीटर. टँकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण पंच्याण्णव सेंटिमीटरवर. उत्तर ०.१६. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळा टक्के इतका आडवा जोर टिकून राहिला की हा मनोरा कलंडणार. झोन २ साठी त्या नकाशाबरोबरच्या भारतीय मानकातला आकडा ०.१० होता, झोन ३ साठी ०.१६. वाचून जरा हायसं वाटलं, मग लक्षात आलं की हे आकडे जमिनीचे आहेत. इमारत हलते तेव्हा वरचे मजले खालच्यापेक्षा जास्त हलतात. आम्ही तिसऱ्यावर. शिवाय धक्के क्षणाक्षणाला दिशा बदलतात, त्यामुळे या हिशेबाला पुरावा मानू नका, अंदाज माना. अंदाज मात्र चांगला नव्हता.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी घट्ट वस्तूसारखं वागत नाही, ते हिंदकळतं. तीन फुटांच्या बाजूने पाणी इकडून तिकडे जाऊन परत यायला माझ्या हिशेबाने सव्वा सेकंदाच्या आत-बाहेर लागतो, एक फुटाच्या बाजूने साधारण ०.६ सेकंद. चार मजली आरसीसी इमारतीचा स्वतःचा झुलायचा काळ, मानकातल्या सोप्या सूत्राने, अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. म्हणजे टँकची अरुंद बाजू आणि आमची बिल्डिंग जवळजवळ एकाच तालात. झोका योग्य वेळी ढकलत गेलं की वाढत जातो, तसंच हे. आणि अरुंद बाजूलाच टँक पडायचा धोका जास्त! पायथनमध्ये दहा ओळी लिहून आलेख काढला आणि बायकोला दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे आईंचं बरोबर होतं एवढंच ना?"

रविवारी पैठण गेटच्या बाजूच्या एका गल्लीत फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. नवीन स्टँड हवा म्हटलं. उंची अडीच फुटांऐवजी दीड, पायाची रुंदी एक फुटाऐवजी दीड. (हिशेब ०.१६ वरून ०.३५ वर जातो, दुपटीहून जास्त, आणि खर्च किरकोळ.) वरच्या चौकटीला चारी बाजूंनी दोन इंच उंचीचा अँगल उलटा उभा करायचा, म्हणजे टँक स्टँडवरून घसरणार नाही, आतून रबर लावायचं, आणि मागच्या बाजूला भिंतीला बोल्ट मारायला दोन पट्ट्या. त्याने सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाला, "साब, मछली के वास्ते इत्ता? इधर कायका भूकंप?" मी किल्लारी म्हटलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "अब्बा गए थे उस टाइम, ट्रक लेके. अनाज लेके." पट्ट्या दोनऐवजी चार लावल्या आणि जादाचे पैसे घेतले नाहीत.

भिंतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. टँक जिथे होता ती चार इंची विटांची पार्टिशनची भिंत. तिला बोल्ट मारायचा म्हणजे बुडणाऱ्याने बुडणाऱ्याला धरायचं. प्लास्टरमध्ये तर काहीच धरत नाही. म्हणून टँकची जागाच बदलली. हॉलच्या कोपऱ्यात आरसीसी कॉलम आहे, तिथे आणला आणि कॉलमला अँकर फास्टनर मारले. दीडशे किलोला आडवा जोर लागून लागून किती लागणार? ०.३ धरला तरी पंचेचाळीस किलो. चार बोल्टना ते काहीच नाही. खरं ओझं खांबाजवळ आणि तुळईवर आलं तेही बरंच.

हे लिहायला दोन ओळी लागल्या, प्रत्यक्षात अख्खा रविवार गेला, कारण टँक रिकामा करायचा होता. आणि इथे शहराबाहेरच्या वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाथसागर एवढा जवळ असून आमच्या शहरात वर्षानुवर्षं नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येत आलंय. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून नहरी काढून जे जमवलं, ते आम्हाला... असो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मुद्दा असा की एकशे दहा लिटर पाणी आम्ही मोरीत सोडून देऊ शकत नाही. आणि माशांसाठीही ते सोडायचं नसतं. जुन्या पाण्याची माशांना सवय झालेली असते. टँकरच्या ताज्या पाण्यात क्लोरीन, ते न घालवता ओतलं तर मासे तडफडतात. म्हणून दोन ड्रम, तीन बादल्या, माशांसाठी टोपलं, त्यात एअर पंपाची नळी. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकच्याच पाण्यात ठेवला. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यातच राहतात, ते मेले की पाण्यात अमोनिया वाढतो आणि चकचकीत टँकमध्ये मासे मरतात. जिन्यात भेटलेल्या काकांनी ड्रमांकडे पाहून विचारलं, "ते पाणी झाडांना देणार असाल तर आमच्या कुंड्या आहेत." पुढच्या वेळी देईन म्हटलं.

आई हे सगळं दाराजवळून बघत होती. "काय करलालास रे सकाळपासून?" मी सांगायला लागलो. पाणी काठोकाठ भरायचं नाही, तीन इंच खाली ठेवायचं, वर घट्ट झाकण. दगड वाळूवर ठेवले होते ते काढून थेट तळाला टेकवले आणि सिलिकॉनने एकमेकांना चिकटवले, म्हणजे ते गडगडून काचेवर आपटणार नाहीत. एक्स्टेंशन बोर्ड स्टँडच्या खाली, अगदी पाणी सांडेल तिथेच होता (कोणी ठेवला? मीच). तो वर भिंतीवर गेला. प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोल, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलावरून खाली ठिबकतं, प्लगमध्ये शिरत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. टँक फुटण्यापेक्षा ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून स्विच बंद करायला जाणं जास्त जिवावरचं आहे. एअर पंपाच्या नळीत उलट्या दिशेने पाणी येऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह, तो फार स्वस्त असतो आणि बहुतेकांकडे नसतो.

"आणि हिंदकळायचं काय?" आईने विचारलं.

मी म्हटलं, "त्याला तसा उपाय नाही. पाणी कमी ठेवायचं."

ती म्हणाली, "घागरीत आम्ही लिंबाचा डहाळा टाकायचो. आडावरनं घरी येईस्तोवर सांडत नव्हतं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. मी आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत हेच शोधत बसलो होतो, पाण्याच्या पृष्ठभागावर काहीतरी तरंगत असेल तर हिंदकळण्याची ताकद घासाघाशीत जिरते. फेसाळ चहा कपातून कमी सांडतो तो यामुळेच. टँकमध्ये लिंबाचा डहाळा टाकता येणार नाही, पण तरंगत्या वनस्पती मिळतात. लहान कोबीसारखी दिसणारी एक आणली, टोपलीभर. एंजल तिच्या मुळांत लपून बसतात. नुसत्या झाडांवर विसंबून टँक भरायचा नाही हे खरं, पण ट्रकने उठणारी ती बारीक वर्तुळं आता उठत नाहीत. लेक नाराज आहे.

आणखी एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. टँक उभा राहिला, काच शाबूत, तरी मासे मरू शकतात. जपानमध्ये मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या मोठ्या मत्स्यालयात हेच झालं. इमारत उभी होती, पण वीज गेली, जनरेटरचं इंधन संपलं आणि दिवसांच्या हिशेबात त्यांचे बहुतेक मासे गेले. जुलैत त्यांनी पुन्हा दारं उघडली ती बऱ्याच अंशी दुसरीकडून आणलेल्या जिवांवर. आपल्याकडे त्यासाठी भूकंपच लागतो असं नाही, वादळी पावसात अर्धा दिवस वीज गेली तरी पुरतं. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप आणला. वीज गेली की मासे उपाशी ठेवायचे, खाणं घातलं तर घाण वाढते आणि ऑक्सिजन कमी होतो. हीटर मात्र आधी बंद. पाणी सांडून तो उघडा पडला तर कोरडाच तापतो आणि तडकतो.

लेकीला मी ड्रिल शिकवली. हलायला लागलं तर काय करायचं? "आजोबांना वाचवायचं," ती म्हणाली. नाही. टँकपासून लांब पळायचं, टेबलाखाली, डोकं झाकून. मासे नंतर. ती रडकुंडीला आली. "आणि मासे खाली पडले तर?" मी काहीतरी गुळमुळीत बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, "पडले तर पडले. तू आधी." तिने ते अशा आवाजात सांगितलं की लेकीने वाद घातला नाही. मीही घातला नसता.

रविवारी रात्री टँक भरला, दिवा लावला. दिवाण पुसून त्यावर धुतलेली चादर घातली आणि आईला म्हटलं, ये. बघ एकदा.

ती आली. आधी स्टँडला एका हाताने धक्का दिला. मग दोन्ही हातांनी. मग अंग टाकून. झाडं थोडी डुलली, 'आजोबा' काचेवरून जागचा हलला नाही. आईने चारी बोल्ट बोटाने चाचपले. चष्मा वर करून कॉलमकडे पाहिलं. मला वाटलं आता म्हणेल, बरं केलंस.

ती दिवाणावर बसली, समोर पाहिलं आणि म्हणाली, "आणि ह्या गोदरेजच्या कपाटाचं काय?"

मी फॅब्रिकेशनवाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, "कित्ती पट्टी?"